अलेग्रो म्हणजे किती जलद?

१९६१ सालच्या 'छाया' या हिंदी चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं एक युगुलगीत आहे. संगीतकार सलील चौधरी यांनी त्याच्या मुखड्याची चाल मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतली, हे चित्रपटसंगीताच्या जाणकारांना ठाऊक आहे. गाण्यात ती चाल गोड आणि लाडिक वाटते. मूळ सिंफनी ऐकायला घेतली की मात्र रंग पालटतो. १७८८ साली लिहिलेल्या या रचनेच्या पहिल्या खंडात आधी व्हायोलांची धपापती साथ सुरू होते आणि तिच्यावर व्हायोलिन दोन स्वरांचा एक उसासा पुन्हा पुन्हा टाकत राहतात. स्वरांची चौकट जी मायनरची, म्हणजे पाश्चात्त्य कानाला उदास वाटणारी. मोझार्टच्या क्रमांक दिलेल्या एक्केचाळीस सिंफनींपैकी मायनरमधल्या फक्त दोन, त्यांतली ही एक. आणि अशा अस्वस्थ संगीताच्या माथ्यावर मोझार्टने शब्द लिहिले आहेत 'मोल्तो अलेग्रो'. इटालियन भाषेत त्यांचा सरळ अर्थ होतो 'खूप आनंदी'.

संगीताच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तिकेत अलेग्रोचा अर्थ 'जलद' असा दिलेला असतो. पियानोच्या शिकवणीत वापरतात त्या मेट्रोनोम यंत्राच्या पट्टीवर तर याच शब्दापुढे आकडे असतात: मिनिटाला साधारण १२० ते १६८ ठोके. म्हणजे एका शब्दाची तीन उत्तरं झाली: एक मनःस्थितीचं, एक वेगाचं, एक आकड्याचं. त्यांतलं आकड्याचं उत्तर सर्वांत शास्त्रीय आणि बाकीची दोन जुन्या काळची ढोबळ सोय, असा समज सर्वत्र आहे. या लेखाचं म्हणणं नेमकं उलट आहे. अलेग्रो, आंदांते, अदाजो हे शब्द आकड्यांची उणीव भरून काढण्यासाठी जन्मलेच नव्हते. संगीताने कसं चालावं हे ते सांगतात, आणि किती वेगाने चालावं हा त्यातून निघणारा एक निष्कर्ष असतो. हा क्रम उलटा धरला की या शब्दांबाबतचे बहुतेक गोंधळ सुरू होतात.

मराठी वाचकाची इथे एक खास अडचण होते. आपल्या कानाला विलंबित, मध्य आणि द्रुत ही लयीची विभागणी सवयीची आहे, आणि ती खरोखरच वेगाची विभागणी आहे. विलंबित ख्याल गंभीर असेल किंवा शृंगारिक, 'विलंबित' या शब्दाला त्याच्याशी कर्तव्य नसतं. म्हणून अलेग्रो भेटला की आपण त्याला द्रुतच्या खणात टाकतो आणि अदाजोला विलंबितच्या. इटालियन शब्दांना असे खण नाहीत.

शब्द नव्हते तेव्हा

युरोपातलं लिखित संगीत शेकडो वर्षं अशा शब्दांवाचून चाललं. सोळाव्या शतकापर्यंत चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या संगीतात वेग हा स्वरलेखनातच मुरलेला असे. गायकांचा प्रमुख हात खाली आणि वर हलवून एक स्थिर ठोका देई आणि स्वरांच्या खुणा त्या ठोक्याच्या पटीत किंवा भागात मोजल्या जात. हा ठोका किती लांबीचा? मिलानचे संगीतशास्त्रज्ञ फ्रांकिनो गाफुरियो यांनी १४९६ सालच्या ग्रंथात त्याची सांगड शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशी घातली. वेग बदलायचा तर ठोका तसाच ठेवून त्यात बसणाऱ्या स्वरांचं प्रमाण बदलायचं, दोनास तीन किंवा एकास दोन असं. सगळं गणित ठरलेलं असल्यावर वेगळ्या सूचनेची गरजच काय?

ही घडी सतराव्या शतकाच्या तोंडावर इटलीत विस्कटली. एकट्या गायकाने शब्दांमधली भावना उलगडत गाण्याची नवी पद्धत आली, तिच्यातून ऑपेरा जन्मला, आणि एकाच रचनेत राग, विलाप, आर्जव असे भाव झरझर पालटू लागले. अशा गाण्याला एकाच नाडीत बांधणं शक्य नव्हतं. रोमचे ऑर्गनवादक फ्रेस्कोबाल्दी यांनी १६१५ साली आपल्या टोकाटा या वाद्यरचनांच्या प्रस्तावनेत वादकांना सांगितलं, की या रचना एकाच ठोक्याला जखडून वाजवू नका, भाव बदलेल तसा वेग कधी संथ तर कधी चपळ करा. माँतेवेर्दी यांच्या १६३८ सालच्या आठव्या माद्रिगाल-संग्रहात एका विरहिणीचा विलाप आहे. तिच्या विलापाच्या आधीचे आणि नंतरचे पुरुष गायकांचे भाग हाताच्या ठोक्यावर गायचे, पण तिचा विलाप मात्र हाताच्या नव्हे तर मनाच्या भावाच्या लयीत गायचा, अशी स्पष्ट सूचना त्यांनी छापली.

या पार्श्वभूमीवर स्वरलेखनात शब्द शिरू लागले. आद्रियानो बांकिएरी यांच्या १६११ सालच्या ऑर्गन-संग्रहात अदाजो, अलेग्रो आणि प्रेस्तो भेटतात. तेव्हा त्या पारिभाषिक संज्ञा नव्हत्या. तालमीत एक इटालियन माणूस दुसऱ्याला 'इथे जरा निवांत घे', 'इथे उल्हासाने', 'इथे चटकन' असं म्हणेल, तेच कागदावर उतरलं होतं. शब्दांचा जन्म असा झाला हे महत्त्वाचं आहे. आधी वेगाची मोजपट्टी होती आणि मग तिला नावं दिली, असं घडलेलं नाही. मोजपट्टी मोडली म्हणून शब्द आले.

ते इटालियनच का राहिले

याचं उत्तर भाषेच्या गोडव्यात नाही, बाजारात आणि नोकऱ्यांत आहे. संगीताची छपाई व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यांनी १५०१ पासून भरभराटीला आणली. ऑपेरा इटलीतून निघाला आणि व्हिएन्ना, ड्रेस्डेन, लंडन इथल्या दरबारांत व नाट्यगृहांत इटालियन गायक, वादक, रचनाकार नेमले जाऊ लागले. कोरेल्ली यांच्या सोनाटांच्या आवृत्त्या युरोपभर खपल्या आणि विवाल्दी यांचे 'चार ऋतू' १७२५ साली थेट ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले. संगीत आलं तसे त्याच्या माथ्यावरचे शब्दही आले. फ्रेंचांनी आपली वेगळी वाट राखली. फ्रांस्वा कुपराँ यांनी १७१६ सालच्या हार्पसिकॉर्डवरील पुस्तकात फ्रेंच शब्दांचाच पुरस्कार केला, आणि तेही 'हळुवारपणे', 'चैतन्याने' अशा अर्थाचे, म्हणजे पुन्हा भावच सांगणारे. पण पॅरिसमध्येसुद्धा इटालियन शब्दांचा अर्थ लावून देणारा सेबास्टियँ द ब्रोसार यांचा कोश १७०३ साली काढावा लागला होता.

शब्द परक्या मुलखात गेले की त्यांचं काय होतं, याचा उत्तम पुरावा हेन्री पर्सेल या इंग्रज रचनाकाराने ठेवला आहे. १६८३ साली प्रसिद्ध केलेल्या सोनाटांच्या प्रस्तावनेत त्याने इंग्रज वाचकांसाठी या नव्या शब्दांचे अर्थ दिले. अदाजो आणि ग्रावे म्हणजे अगदी संथ चाल, अलेग्रो आणि विवाचे म्हणजे तरतरीत जलद चाल, आणि लार्गो म्हणजे मधली चाल. आजची कोणतीही पुस्तिका लार्गोला सर्वांत संथ शब्दांमध्ये बसवते. लार्गोचा मूळ अर्थ 'रुंद, ऐसपैस'. ऐसपैस गाणं संथच असलं पाहिजे असं काही नाही, आणि पर्सेलच्या कानाला तसं वाटलंही नाही. पुढे हँडेलच्या १७३८ सालच्या 'सेर्से' या ऑपेरातलं झाडाच्या सावलीला उद्देशून असलेलं गाणं जगभर 'हँडेलचा लार्गो' म्हणून गाजलं, पण हँडेलने स्वतः त्यावर 'लारगेत्तो' लिहिलं होतं, म्हणजे त्याहून थोडं हलकं. लोकांना ते गाणं भारदस्त वाटलं म्हणून त्यांनी त्याला जड शब्द बहाल केला, आणि मग त्या शब्दामुळे ते अधिकच संथ गायलं जाऊ लागलं.

शब्द नेमकं काय सांगतात

या शब्दांची छाननी केली तर निव्वळ वेग सांगणारे शब्द थोडेच निघतात. प्रेस्तो म्हणजे चटकन आणि लेंतो म्हणजे सावकाश, हे दोन ठळक. आंदांते हा 'जाणे, चालणे' या क्रियापदापासून आलेला, म्हणजे पावलागणिक पुढे सरकणारा. अदाजो म्हणजे निवांतपणे, घाई न करता. ग्रावे म्हणजे जड, गंभीर. विवाचे म्हणजे जिवंत, चैतन्यपूर्ण. यांत कोणी हालचालीविषयी बोलतो, कोणी वजनाविषयी, कोणी मनःस्थितीविषयी. वेगाची एक सरळ शिडी कल्पून त्या शिडीच्या पायऱ्यांवर त्यांना बसवण्याचा खटाटोप नंतरच्या शिक्षकांनी केला, आणि त्यासाठी निरनिराळ्या जातीच्या वस्तू एकाच रांगेत उभ्या कराव्या लागल्या.

त्यातून होणारी ओढाताण आंदांतीनो या शब्दात सर्वांत जास्त दिसते. '-ईनो' हा प्रत्यय मूळ गोष्ट थोडी कमी करतो. पण आंदांतेपेक्षा 'कमी' म्हणजे काय? आंदांतेला संथ समजणाऱ्याला आंदांतीनो किंचित जलद वाटेल, आणि आंदांतेला चालतं-फिरतं समजणाऱ्याला तो किंचित मंद वाटेल. एडिंबरोचे प्रकाशक जॉर्ज थॉमसन बेटोव्हेनकडून स्कॉटिश गीतांना साथ लिहवून घेत होते. त्यांना बेटोव्हेनने १८१३ साली पत्रातून विचारलं, की तुमचा आंदांतीनो आंदांतेहून जलद धरायचा की संथ, कारण हा शब्द कधी अलेग्रोच्या जवळ जातो तर कधी जवळजवळ अदाजोसारखा वाजवला जातो. खुद्द बेटोव्हेनला हा प्रश्न पडावा, यावरून या शब्दांची शिडी किती डळमळीत होती ते कळतं.

> चौकट: माथ्यावरचे शब्द कसे वाचावेत
>
> बहुतेक सूचना दोन-तीन तुकड्यांच्या असतात. मुख्य शब्द पहिला: लार्गो (ऐसपैस), अदाजो (निवांत), आंदांते (चालतं), मोदेरातो (बेताचं), अलेग्रो (उल्हासाचं, चपळ), प्रेस्तो (चटकन).
>
> त्याला लागणारे प्रत्यय: '-एत्तो' आणि '-ईनो' मूळ गुण सौम्य करतात, '-इस्सिमो' टोकाला नेतो. म्हणून अलेग्रेत्तो अलेग्रोहून सौम्य आणि प्रेस्तिस्सिमो प्रेस्तोच्याही पुढे.
>
> आगेमागे येणारी जोड: मोल्तो आणि अस्साई (खूप), पोको (थोडं), मा नॉन त्रोप्पो (पण फार नको), कोन ब्रीओ (जोशात), कोन फुओको (आवेशाने), माएस्तोसो (भारदस्तपणे), कांताबिले (गात असल्यासारखं).
>
> वाटेत येणाऱ्या सूचना: रितार्दांदो (मंद होत जा), अच्चेलेरांदो (वेग वाढवत जा), आ तेंपो (मूळ लयीवर या), रुबातो (एका स्वराचा वेळ काढून दुसऱ्याला देत, लवचीकपणे).

उरलेलं अर्धं उत्तर कागदावर असतं

इथे वाजवी शंका येते. शब्द जर इतके निसरडे होते, तर अठराव्या शतकातल्या वादकांचं पन्नास जणांच्या मेळात एकमत कसं होत असे? याचं उत्तर असं, की शब्द एकटा वाचायचा नसतोच. पाककृतीत 'मध्यम आचेवर परतून घ्या' असं लिहिलेलं असतं तेव्हा कोणी त्यात अंश सेल्सिअस शोधत नाही. कढई पातळ आहे की जाड, कांदा पाव किलो आहे की मूठभर, तेल किती आहे, हे समोर दिसत असतं आणि त्यावरून आच किती ठेवायची ते हाताला कळतं. सूचना अपुरी नसते, तिचा उरलेला भाग कढईत असतो. अलेग्रोचा उरलेला भाग स्वरलेखनात असतो.

तो भाग प्रामुख्याने दोन ठिकाणी पाहायचा. पहिलं ठिकाण म्हणजे मापाचा अपूर्णांक, जो ओळीच्या सुरुवातीला छापलेला असतो. बाखचे शिष्य किर्नबर्गर यांनी १७७० च्या दशकात हे तपशिलाने मांडलं: तीन हाफ नोटांच्या मापाला मुळातच जड, रुंद चाल असते, तीन क्वार्टर नोटांच्या मापाला मधली, आणि तीन एट्थ नोटांच्या मापाला हलकी, चपळ. (पाश्चात्त्य लेखनात स्वरांच्या लांबीला पूर्ण स्वराच्या अपूर्णांकात नावं असतात. हाफ म्हणजे निम्मा, क्वार्टर म्हणजे पाव, एट्थ म्हणजे अष्टमांश.) प्रत्येक मापाला अशी एक स्वाभाविक लय असते, आणि वरचा शब्द तिला पुढे ढकलतो किंवा मागे खेचतो. दुसरं ठिकाण म्हणजे रचनेतले सर्वांत लहान स्वर. ओळींमध्ये सोळाव्या भागाच्या नोटांची दाटी असेल तर त्या स्पष्ट वाजतील इतकाच वेग परवडतो. तेच माप, तोच शब्द, पण पानावर मोठाले मोकळे स्वर असतील तर रचना ऐसपैस धावू शकते. बाखने आपल्या कितीतरी रचनांवर कोणताही शब्द लिहिला नाही, याचं कारण हेच. माप आणि स्वर पाहून जाणत्या वादकाला चाल कळत होती, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही हवं असेल तिथेच शब्दाची गरज पडे.

आता मोझार्टकडे परत पाहावं. चाळिसाव्या सिंफनीच्या पहिल्या खंडाचं माप आहे दोन हाफ नोटांचं, चार क्वार्टर नोटांचं नाही. म्हणजे प्रत्येक मापाच्या कप्प्यात चार नव्हे तर दोनच मोठे ठोके मोजायचे. साथीला व्हायोलांच्या एट्थ नोटा आहेत, त्या दोन मोठ्या ठोक्यांमध्ये आठ बसतात. शब्द आहे 'मोल्तो अलेग्रो'. दोनाचं माप सांगतं की चाल लांब ढांगांची हवी, व्हायोलांच्या नोटा सांगतात की त्या ढांगांच्या आत सतत थरथर हवी, आणि शब्द सांगतो की हे सगळं जोमाने, अजिबात न रेंगाळता. उदासी मायनर स्वरांत आहेच, ती शब्दाने सांगायची गरज नव्हती. उलट शब्द नसता तर एखाद्या वादकाने ती उसाशांची ओळ हळहळत, ओढत वाजवली असती. मोझार्टचा अलेग्रो आनंदाची खूण म्हणून नाही, तर दुःखात बसकण मारू नका हे बजावण्यासाठी आहे. 'खूप आनंदी' या शब्दशः अर्थाने पडलेलं कोडं इथे सुटतं, आणि त्यासाठी एकाही आकड्याची गरज पडत नाही.

मोझार्टच्या वडिलांनी, लेओपोल्ड यांनी, १७५६ सालच्या व्हायोलिन-शिक्षणाच्या पुस्तकात हेच तत्त्व सांगितलं आहे. माथ्यावरचा शब्द पाहा, पण खरी चाल रचनेतच शोधा. प्रत्येक रचनेत निदान एक जागा अशी असते, की ती नीट वाजवायची तर वेग आपोआप ठरतो. या जागा ओळखता येणं ही त्यांच्या लेखी चांगल्या संगीतकाराची कसोटी होती.

आकड्यांकडे ओढा तेव्हाही होता. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला बासरी शिकवणारे क्वांट्झ यांनी १७५२ साली एक व्यवस्था मांडली. दुपारच्या जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत उत्साही माणसाची नाडी जशी चालते, तशी मिनिटाला ८० ठोक्यांची नाडी त्यांनी प्रमाण धरली. चार क्वार्टर नोटांच्या साध्या मापात अलेग्रो अस्साईला एका ठोक्याला हाफ नोट, अलेग्रेत्तोला क्वार्टर नोट, अदाजो कांताबिलेला एट्थ नोट, आणि अदाजो अस्साईला एट्थ नोटेला दोन ठोके. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निम्म्या वेगाची. व्यवस्था सुबक आहे, पण क्वांट्झ यांनीच बजावून ठेवलं की अख्खी रचना नाडी धरून वाजवायची नाही. नवशिक्याला अंदाज यावा एवढ्यापुरताच तिचा उपयोग.

यंत्र आलं आणि काय झालं

नाडीच्या जागी यंत्र आणायचं तर एक भौतिक अडचण होती. साध्या लंबकाचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो. सेकंदाला एक ठोका, म्हणजे मिनिटाला ६० ठोके हवे असतील तर लंबक सुमारे एक मीटर लांब लागतो. संथ लयीसाठी मिनिटाला ४० ठोके हवे असतील तर लांबी सव्वादोन मीटरच्या घरात जाते. पियानोवर ठेवण्याजोगी ही वस्तू नव्हे. ॲमस्टरडॅममध्ये राहणारे कारागीर डीट्रिख विंकेल यांनी १८१४ साली यावर तोडगा काढला. त्यांनी दांडीला दोन वजनं लावली, एक आसाच्या खाली आणि एक वर. खालचं वजन दांडीला सरळ उभी करू पाहतं आणि वरचं वजन तिला कलंडवू पाहतं. दोन्ही ओढी एकमेकींना बहुतांशी काटतात, म्हणून दांडीला मधल्या स्थितीकडे परत आणणारा जोर अगदी थोडा उरतो आणि वीतभर दांडीसुद्धा सावकाश झुलते. वरचं वजन जितकं उंच सरकवावं तितका हा जोर घटतो आणि ठोके मंदावतात. जागा बदलणारं ते वजन, खाली दडलेलं जड वजन आणि झोक्याला बळ देणारी चावीची स्प्रिंग, एवढंच मेट्रोनोमचं अंतरंग. योहान मेल्त्सेल यांनी ही कल्पना उचलली, तिला आकड्यांची पट्टी जोडली आणि १८१५ साली आपल्या नावाने पेटंट घेतलं. विंकेलचा हक्क नंतर मान्य झाला, पण नाव मेल्त्सेलचंच चिकटलं.

पट्टीवरचे आकडे निरखले तर त्यांत कानाविषयीचं एक शहाणपण दिसतं. ४० ते ६० दरम्यान आकडे दोन-दोनने वाढतात, पुढे ७२ पर्यंत तीन-तीनने, १२० पर्यंत चार-चारने, १४४ पर्यंत सहा-सहाने आणि त्यापुढे आठ-आठने. वेगातला फरक कानाला प्रमाणात जाणवतो, वजाबाकीत नाही. ४० वरून ४२ होणं आणि १६० वरून १६८ होणं, दोन्हींत पाच टक्क्यांचाच फरक आहे, आणि कानाला दोन्ही उड्या सारख्याच वाटतात.

बेटोव्हेन या यंत्रावर मोहून गेला. १८१७ साली त्याने आपल्या तोवरच्या आठही सिंफनींचे मेट्रोनोम-आकडे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इग्नाझ फॉन मोझेल यांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणाला, की अलेग्रो, आंदांते, अदाजो, प्रेस्तो हे शब्द आता टाकूनच द्यावेत, कारण अलेग्रो म्हणजे आनंदी, आणि कित्येकदा रचना नेमकी त्याच्या उलट बोलत असते. शब्दांच्या विरोधातला यापेक्षा वजनदार साक्षीदार मिळणार नाही. पण पत्र पुढे वाचलं तर दिसतं, की रचनेचा स्वभाव सांगणाऱ्या शब्दांना तो हात लावायला तयार नव्हता. लय हा त्याच्या मते रचनेचा देह होता आणि स्वभावाचे शब्द तिच्या आत्म्याविषयी बोलत होते. प्रत्यक्षात काय झालं? त्याने जुने शब्दही सोडले नाहीत. नवव्या सिंफनीच्या पहिल्या खंडावर त्याने लिहिलं 'अलेग्रो मा नॉन त्रोप्पो, उन पोको माएस्तोसो': चपळ पण फार नको, जरासं भारदस्त. आकडा दिल्यावरही इतके शब्द त्याला लागले.

त्याचे आकडे आणि मेट्रोनोमवरचा तक्ता शेजारी ठेवले की तक्त्याचा फोलपणा उघड होतो. तिसऱ्या सिंफनीचा पहिला खंड 'अलेग्रो कोन ब्रीओ', आकडा ६०, पण तो तीन क्वार्टर नोटांच्या अख्ख्या मापाला. पाचवीचा पहिला खंडही 'अलेग्रो कोन ब्रीओ', आकडा १०८, तो हाफ नोटेला. नववीचा अलेग्रो ८८, क्वार्टर नोटेला. सातवीचा दुसरा खंड, जो २०१० सालच्या 'द किंग्ज स्पीच' चित्रपटात राजाच्या भाषणाच्या वेळी वाजतो, त्यावर शब्द आहे 'अलेग्रेत्तो' आणि आकडा ७६. छापील तक्त्यांत अलेग्रेत्तो शंभराच्या पुढे असतो, आणि ७६ हा आकडा अदाजो व आंदांते यांच्या सीमेवर. तक्ता बरोबर मानायचा तर आपला शब्द बेटोव्हेनलाच कळला नाही असं म्हणावं लागेल. खरी चूक अशी, की कोणत्या नोटेचे ठोके मोजायचे हे तक्त्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सातवीतल्या त्या खंडाचा धीरगंभीर पदन्यास अनेकांना शवयात्रेसारखा भासतो आणि ते तो फार संथ घेतात. 'अलेग्रेत्तो' हा शब्द तिथे तेच करतो जे मोझार्टचा अलेग्रो करतो: ओझ्याखाली बसू देत नाही.

बेटोव्हेनच्या आकड्यांभोवती आजही वाद आहे, कारण त्यांतले बरेच वाजवायला अवघड इतके जलद आहेत. त्याच्या ऑपस १०६ या सोनाटाच्या पहिल्या खंडाला हाफ नोटेला १३८ हा आकडा आहे, आणि फार थोडे पियानोवादक तो गाठतात. स्पेनच्या दोन संशोधकांनी २०२० साली सिंफनींच्या ३६ संपूर्ण ध्वनिमुद्रण-संचांतला वेग संगणकाने मोजला आणि एक शक्यता मांडली: सरकत्या वजनाच्या वरच्या कडेला वाचायचा आकडा बेटोव्हेनने खालच्या कडेला वाचला असावा. वाद मिटला असं नाही. पण आकडा दिला की संदिग्धता संपते, हा समज मात्र यातून निकालात निघतो. यंत्र कसं वाचलं, हाही प्रश्न उरतोच.

मग काहीही चालतं का?

सर्वांत गंभीर आक्षेप हा. शब्द स्वभाव सांगतात आणि वेग वादकाने ठरवायचा, असं म्हटलं तर कोणीही काहीही वाजवेल आणि त्याला अन्वयार्थ म्हणेल. शब्दांचे अर्थ काळाबरोबर सरकतात हेही खरं आहे. आपल्याकडे 'विलंबित' हा शब्द तोच राहिला, पण अब्दुल वहीद खाँ आणि अमीर खाँ यांच्या गायकीने झुमरा तालातला ख्याल इतका सावकाश केला की त्याला 'अतिविलंबित' असं वेगळं म्हणावं लागलं. मालरच्या पाचव्या सिंफनीतल्या 'अदाजेत्तो'ची गोष्ट तशीच. मालरला जवळून ओळखणारे वाद्यवृंद-संचालक मेंगेलबर्ग यांनी १९२६ साली तो सुमारे सात मिनिटांत ध्वनिमुद्रित केला. नंतरच्या काही संचालकांनी त्याला बारा मिनिटांहून अधिक वेळ घेतला आहे. लांबी जवळपास दुप्पट झाली की प्रेमगीताचं शोकगीत होतं.

हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शब्द सैल आहेत म्हणून असं झालं, हे निदान चुकीचं आहे. मालरने 'अदाजेत्तो' लिहिलं, म्हणजे लहानसा, हलका अदाजो, आणि त्याखाली जर्मनमध्ये 'अतिशय संथ' असंही लिहिलं. दोन्ही सूचना एकत्र वाचल्या तर संथपणालाही हलकं ठेवायचं आहे हे कळतं. बारा मिनिटांच्या सादरीकरणांत दुसरी सूचना पाळली गेली आणि पहिली गळाली. शब्द वेगाला मोकळीक देतो, पण स्वभावाला देत नाही, आणि स्वभाव बिघडला की कान ते पकडतो. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ६ एप्रिल १९६२ रोजी पियानोवादक ग्लेन गूल्ड ब्राम्सचा पहिला पियानो कंचेर्तो वाजवणार होता. त्याने ठरवलेली चाल इतकी संथ होती, की संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी वाद्यवृंदासमोर उभं राहून आधी श्रोत्यांना सांगितलं, की या चालीशी मी सहमत नाही, पण हा विचारी कलावंत आहे म्हणून मी साथ करतो आहे. त्या कंचेर्तोच्या पहिल्या खंडावर वेगाचा शब्दच नाही, फक्त 'माएस्तोसो' आहे. गूल्डने 'भारदस्त' हा शब्द मोडला नाही, ताणला. म्हणूनच त्या संध्याकाळचा वाद 'चूक की बरोबर' असा न होता 'किती ताणावा' असा झाला, आणि अजूनही होतो.

सभागृहाचाही यात वाटा असतो, आणि तो आकड्याला कधीच दाखवता येत नाही. दगडी चर्चमध्ये आवाज काही सेकंद घुमत राहतो. तिथे स्वरसंगती झपाट्याने बदलल्या तर आधीचा घुमार पुढच्यावर चढतो आणि सगळं गढूळ होतं, म्हणून तिथला अलेग्रो गालिचे अंथरलेल्या खोलीतल्या अलेग्रोपेक्षा मंद असावाच लागतो. शब्द पाळला जातो, आकडा बदलतो. आकडे देऊन मागे घेतल्याचं उदाहरणही आहे: ब्राम्सने आपल्या 'जर्मन रेक्विएम'वर आधी मेट्रोनोम-आकडे दिले होते, ते नंतर काढून घेतले.

आकडा जिथे खरोखर जिंकतो अशी एक जागा आहे: चित्रपट. पडद्यावरचं दृश्य सेकंदाला चोवीस चौकटींनी पळतं आणि दरवाजा आपटण्याच्या क्षणी तुतारी वाजायलाच हवी. तिथे वादकांच्या कानात ठोके सोडले जातात आणि वेग अचूक आकड्यात बांधला जातो. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत मोठ्या संख्येने गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांत युरोपीय स्वरलेखन शिकलेले वादक होते, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांचे कागद त्यांना समोर ठेवताच वाचता येत. दृश्याशी मेळ घालणाऱ्या कामाला आकडा शोभतो, कारण तिथे वेग बाहेरून ठरलेला असतो.

मैफलीत तो आतून ठरतो, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा बेटोव्हेनच्याच शिष्याने ठेवला आहे. कार्ल चेर्नी यांनी गुरूच्या सोनाटांना मेट्रोनोम-आकडे जोडले. ते गुरूपाशी शिकलेले, त्यांचं वाजवणं कानांनी ऐकलेले, म्हणून या आकड्यांना मोठं वजन आहे. पण चेर्नी यांनी हे काम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी केलं, आणि एकाच खंडाला त्यांनी ठिकठिकाणी वेगळे आकडे दिलेले आढळतात. सगळ्या आवृत्त्यांत त्या आकड्यांच्या वर बेटोव्हेनचा मूळ इटालियन शब्द मात्र जसाच्या तसा छापलेला आहे.